कार्ड मिळाले, पण समजावणार कोण? नगर हवेलीतील ज्येष्ठ आणि आरोग्यविमा

केंद्र सरकारने 29 ऑक्टोबर 2024 रोजी, धन्वंतरी जयंतीच्या दिवशी, सत्तर वर्षांवरील सर्व नागरिकांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू केले. उत्पन्नाची अट नाही, शिधापत्रिकेचा रंग पाहायचा नाही. वय तेवढे पुरेसे. त्या दिवशी सत्तरी गाठलेला मनुष्य 1954 च्या ऑक्टोबर अखेरीपूर्वी जन्मलेला असणार. सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले ते 2 ऑगस्ट 1954 रोजी. म्हणजे दादरा आणि नगर हवेलीपुरते पाहिले, तर योजनेची वयाची रेघ जवळजवळ इतिहासाच्या रेघेवरच येऊन पडली. पोर्तुगीज अमलात जन्मलेली पिढी योजनेच्या आत आली आणि त्यानंतरच्या सात वर्षांत, 11 ऑगस्ट 1961 रोजी भारतात रीतसर विलीनीकरण होईपर्यंत, वरिष्ठ पंचायतीच्या कारभारात जन्मलेली पिढी उंबरठ्यावर उभी राहिली. ही दुसरी पिढी आज साधारण पासष्ट ते एकाहत्तर या वयात आहे. तिच्यातील काहींनी उंबरठा ओलांडला आहे, बाकीचे वाट पाहत आहेत.

योगायोग म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु या दोन्ही पिढ्यांतील बहुसंख्य लोक आदिवासी पाड्यांवर जन्मले. जन्माची नोंद, शाळेचा दाखला असे काही त्यांच्यापाशी क्वचितच असते. आधार काढताना जे वय सांगितले गेले किंवा समोरच्या चालकाने चेहऱ्याकडे पाहून धरले, तेच त्यांचे सरकारी वय झाले. वय वंदना योजनेत वय ठरते ते आधारवरूनच. आधारवरील जन्मतारीख सामान्यतः एकदाच दुरुस्त करता येते आणि तीही पुराव्यानिशी. ज्याचे खरे वय बहात्तर आहे, पण आधारवर सदुसष्ट लागले आहे, त्याने पुरावा आणायचा कोठून? असा पुरावा कोणता चालतो, तो कोणत्या टेबलावर द्यायचा आणि दुरुस्तीची एकुलती संधी घाईने वाया कशी घालवू नये, हे त्याला समजावून सांगणारे माणूस आज या प्रदेशात नेमलेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हे माणूस आहे.

प्रदेशाचा आकार प्रथम ध्यानात घ्यावा. क्षेत्रफळ 491 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 3,43,709. साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण केवळ 4 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशातील सर्वांत कमी. त्याच जनगणनेत देशाचे प्रमाण 8.6 टक्के होते. हा आकडा वाचून ‘येथे म्हातारे आहेतच किती’ असे कोणालाही वाटेल, आणि धोरण आखणाऱ्यांना तसे वाटत आले असावे. पण प्रमाण कमी आहे ते येथील माणसे लवकर मरतात किंवा गाव सोडून जातात एवढ्यामुळे नव्हे. पिपरिया, मसाट, खडोली येथील कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, महाराष्ट्र येथून आलेल्या तरुण पुरुषांमुळे भाजक मोठा झाला आहे. दर हजार पुरुषांमागे 774 स्त्रिया हे त्या वेळचे येथील लिंग-गुणोत्तर तीच गोष्ट सांगते. तरुणांच्या या गर्दीत स्थानिक वृद्ध आकडेवारीतून दिसेनासे झाले. दुधनी, मांदोनी, सिंदोनीच्या बाजूला गेल्यास चित्र निराळे दिसते. तरणी माणसे कामावर उतरलेली असतात आणि दिवसा पाड्यावर भेटतात ती लहान मुले आणि म्हातारी माणसे.

आणि तरीही तो 4 टक्क्यांचा आकडा आशादायक आहे. त्याचा अर्थ होतो सुमारे चौदा हजार माणसे. जनगणनेला काळ लोटला, संख्या वाढली असेल. तरी एका तालुक्याएवढ्या प्रदेशात ही संख्या घरोघर जाऊन गाठता येईल इतकीच आहे.

सोयींच्या बाबतीत गेली काही वर्षे हात आखडता घेतला गेलेला नाही, हे मान्य करायला हवे. विनोबा भावे नागरी रुग्णालय पूर्वीपासून होतेच. 25 एप्रिल 2023 रोजी नमो वैद्यकीय महाविद्यालयाच्या संकुलाचे लोकार्पण झाले. 7 मार्च 2025 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 450 खाटांच्या नमो रुग्णालयाचे उद्घाटन झाले. त्यावरील खर्च सुमारे 460 कोटी रुपये. एकेकाळी हाड मोडले तरी वापी, वलसाड किंवा सुरत गाठावे लागणाऱ्या प्रदेशासाठी हा मोठा पल्ला आहे. इमारत आहे, खाट आहे, कार्ड आहे. उणीव आहे ती कार्ड आणि खाट यांच्यामधल्या जागेत.

ही जागा किती गुंतागुंतीची आहे ते पाहण्यासाठी वय वंदना योजनेचेच नियम घ्यावेत. ज्या कुटुंबाचे नाव आयुष्मान भारतच्या यादीत आधीपासून आहे, त्या कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहेच. त्या घरातील सत्तरीपुढच्या व्यक्तींना त्याशिवाय स्वतंत्र 5 लाखांचे वाढीव संरक्षण मिळते आणि त्यात घरातील धाकट्यांचा वाटा नसतो. परंतु त्यासाठी त्यांनी पुन्हा नोंदणी करून नव्याने ई-केवायसी करायची असते. ‘आमच्याकडे कार्ड आहे’ म्हणून निर्धास्त बसलेल्या घरात हे वाढीव संरक्षण कागदावरच राहते. ज्यांचे कुटुंब यादीत नव्हते त्यांचा नियम वेगळा: त्या घरातील सत्तरीपुढच्या सगळ्यांना मिळून 5 लाख. पती आणि पत्नी दोघेही सत्तरीपुढचे असतील तर रक्कम दोघांत मिळून वापरायची. यादीतल्या गरीब घराची आणि यादीबाहेरच्या मध्यमवर्गीय घराची तरतूद अशी वेगवेगळी असल्याने शेजाऱ्याचे ऐकून काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो.

पुढे पाहा. संरक्षण आहे ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात धरलेले आहेत. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि रक्तदाब-मधुमेहाची रोजची गोळी त्यात येत नाही. वृद्धाचा खरा खर्च तर तोच असतो. ‘लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ या 2017-18 च्या राष्ट्रीय पाहणीत साठीपुढच्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना एखादा तरी जुनाट आजार असल्याचे आढळले होते आणि आरोग्यविमा होता तो जेमतेम 18 टक्क्यांना. कार्ड हाती आल्यावर गोळ्याही फुकट मिळतील असे समजून आलेला मनुष्य औषधाच्या दुकानातून रागावून परततो आणि पुढे खरी शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली की ‘त्या कार्डाचा काही उपयोग नाही’ असे म्हणून पैसे उसने काढतो. गैरसमजाची किंमत दोनदा मोजली जाते. हा उपचार योजनेत बसतो, तो बसत नाही. गोळ्यांसाठी सरकारी दवाखान्यात किंवा जनऔषधी केंद्रात जा. ही दोन वाक्ये कोणीतरी आधी सांगितली असती तर एवढ्यावरून कर्ज झाले नसते.

शिवाय ही योजना रोकडरहित आहे. आधी पैसे भरा आणि मागून परत मिळवा असा मार्ग तिच्यात नाही. रुग्णालय योजनेत अंगीकृत नसेल आणि घाईघाईत तिथे दाखल केले, तर बिल सर्वस्वी आपले. सिल्वासातून निघालेली रुग्णवाहिका वापीकडे वळली की सुरतकडे, यावर एखाद्या घराचे वर्षभराचे उत्पन्न अवलंबून असते, आणि तो निर्णय बहुधा रात्री, गाडीत, दहा मिनिटांत होतो. 14555 या मदतक्रमांकावर अंगीकृत रुग्णालयांची माहिती मिळू शकते. पण तो क्रमांक घरातल्या भिंतीवर आधी लिहून ठेवलेला असेल तर.

सत्तरीच्या अलीकडे असलेल्यांचे काय? साठ ते एकोणसत्तर या वयातील ज्या व्यक्तींचे कुटुंब योजनेच्या यादीत नाही, त्यांच्याकडे शासकीय विम्याचे हे छत्र नाही. सिल्वासाच्या आमली, समरवरणी, नरोली या भागांत असे लोक पुष्कळ आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत करसवलतींमुळे येथे कारखाने आले, धाग्याचे आणि प्लास्टिकचे. त्या काळी खानदेशातून, नाशिककडून, कोकणातून आलेले मराठी कामगार येथेच स्थिरावले, मुले मराठी माध्यमाच्या शाळेत घातली, कर्ज काढून दोन खोल्या बांधल्या. त्यांच्या पगारातून वर्षानुवर्षे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली गेली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना वाटले की विमा संपला. प्रत्यक्षात राज्य विमा मंडळाच्या आजवरच्या नियमांनुसार, किमान पाच वर्षे विमाधारक राहून नियत वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला केवळ 120 रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ पुढे चालू ठेवता येतो. यात बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही येतात, म्हणजे वय वंदना जिथे थांबते तिथे हा लाभ उपयोगी पडतो. महिन्याला दहा रुपये! फेब्रुवारी 2024 मध्ये मंडळाने, पगार मर्यादेपलीकडे गेल्यामुळे निवृत्तीआधीच योजनेबाहेर पडलेल्या काही जुन्या कामगारांसाठीही नियम सैल करण्यास मंजुरी दिली. ही माहिती कारखान्याच्या दाराशी कोणी लावलेली दिसत नाही.

अर्थात यातही मेख आहे. ‘निवृत्त झालो’ हे सिद्ध करावे लागते. कायम नोकरीतला कामगार निवृत्त होतो, त्याला पत्र मिळते, हार घातला जातो. कंत्राटी कामगार निवृत्त होत नाही. त्याला एके दिवशी ‘उद्यापासून येऊ नको’ असे सांगितले जाते. तीस वर्षांत त्याने आठ-दहा कंत्राटदार पाहिलेले असतात, प्रत्येकाकडे वेगळा विमा क्रमांक पडलेला असतो, नावाचे स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी निराळे. हे क्रमांक एकत्र आणणे, शेवटच्या मालकाकडून दाखला मिळवणे आणि शाखा कार्यालयात अर्ज लावणे ही साठीच्या, कमी शिकलेल्या माणसाने एकट्याने करावयाची कामे नव्हेत. राज्य विम्याच्या लाभार्थ्याला सत्तरीनंतर वय वंदना कार्डही घेता येते, दोन्ही एकत्र चालतात. हेही त्याला ठाऊक नसते. उलट केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत किंवा माजी सैनिकांच्या योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावी लागते. तिथे घाईने वय वंदना निवडणे तोट्याचे ठरू शकते, कारण त्या जुन्या योजनांत बाह्यरुग्ण उपचार आणि औषधेही येतात.

मुलाकडे राहायला आलेल्या आई-वडिलांचा प्रश्न मराठी कुटुंबांना विशेष जवळचा. जळगाव किंवा धुळ्याकडचे घर बंद करून आई सिल्वासाला येते. शिधापत्रिका मात्र गावचीच राहते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे संरक्षण मुख्यतः महाराष्ट्रातील अंगीकृत रुग्णालयांशी बांधलेले आहे. तिने राज्याची सीमा ओलांडली की ते मागे राहते. आयुष्मान भारत मात्र ती योजना राबवणाऱ्या राज्यांत कोठेही चालते. त्यामुळे आई सत्तरीपुढची असेल तर गावी काढलेले वय वंदना कार्ड येथेही उपयोगी पडते. ती पासष्टची असेल आणि घर आयुष्मानच्या यादीत नसेल, तर मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तिला परत गावाकडे न्यावे की येथील सरकारी रुग्णालयात दाखवावे, असा हिशेब मुलाला करावा लागतो. तलासरी, जव्हार, मोखाडा येथून रोज या बाजूला येणाऱ्यांचीही हीच गत. सीमेवरच्या माणसाचे घर एका राज्यात, दवाखाना दुसऱ्यात आणि कागद तिसरीकडे असतात. नगर हवेली तर दोन राज्यांच्या मध्ये वेढलेली. त्यामुळे येथे सल्ला देणाऱ्याला तीन प्रशासनांचे नियम ठाऊक असावे लागतील.

आता खासगी विम्याकडे वळू. सिल्वासातील निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, छोटे व्यापारी यांच्याकडे बहुधा एखादी पॉलिसी असते. या क्षेत्रात 2024 पासून विमाधारकाच्या बाजूने बरेच बदल झाले. पॉलिसी घेण्यासाठीची पासष्ट वर्षांची कमाल वयोमर्यादा विमा नियामकाने काढून टाकली. पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल जास्तीत जास्त चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सलग साठ महिने पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. जानेवारी 2025 मध्ये नियामकाने ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी आपल्याशी सल्लामसलत करावी, असे कंपन्यांना बजावले. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील 18 टक्के जीएसटी शून्य झाला.

हे सारे उपकारक आहे. पण याच काळात एक चूक पसरते आहे आणि ती दुरुस्त न होणारी आहे. वय वंदना कार्ड मिळाले म्हणून पंधरा-वीस वर्षे चालवलेली खासगी पॉलिसी बंद करणे. हप्ता जड जातो, सरकारने 5 लाख दिले, मग कशाला? विचार चुकीचा म्हणता येत नाही. काही घरांसाठी तोच योग्य निर्णय असेल. पण पॉलिसी एकदा खंडित झाली की मुरलेले साठ महिने गेले, संपलेला प्रतीक्षाकाल पुन्हा सुरू झाला, आणि बाहत्तराव्या वर्षी मधुमेह व हृदयविकारासह नवी पॉलिसी कोणत्या अटीवर मिळेल हे कंपनीच्या हाती गेले. नेहमीचे रुग्णालय आयुष्मानमध्ये आहे का, लागू शकणाऱ्या उपचारांना योजनेत दर ठरलेला आहे का, पॉलिसीची रक्कम कमी करून हप्ता उतरवता येईल का, हे प्रश्न आधी विचारायचे असतात. खासगी पॉलिसी आणि वय वंदना दोन्ही ठेवता येतात, ही साधी गोष्टसुद्धा अनेकांना माहीत नाही.

खोलीभाड्याची मर्यादा हे दुसरे उदाहरण. समजा, 3 लाखांची जुनी पॉलिसी आहे आणि तिच्यात खोलीभाडे दिवसाला विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 3,000 रुपये, एवढेच मान्य आहे. नातेवाइकांनी आजोबांना आराम मिळावा म्हणून 6,000 रुपयांची खोली घेतली. त्यांना वाटते, वरचे 3,000 आपण भरू. प्रत्यक्षात अशा पॉलिसीत डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा असे खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याने, कापले जातात. औषधे आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही कपात लागू होत नाही, तेवढाच दिलासा. निगडित खर्च 1,20,000 रुपये असेल तर 60,000 रुपये घरातून जातात. खोली निवडण्याच्या क्षणी हे सांगणारा कोणी नसतो आणि घरी सोडण्याच्या दिवशी मात्र सर्वजण समजावून सांगायला पुढे येतात.

मग आज सल्ला देते कोण? विमा प्रतिनिधी देतो. पुष्कळ प्रतिनिधी सचोटीचे असतात, रात्री-अपरात्री रुग्णालयात धावूनही येतात. पण त्यांचे पोट नव्या पॉलिसीच्या दलालीवर आहे आणि ‘तुम्हाला नव्या पॉलिसीची गरज नाही’ हा सल्ला त्यांच्याकडून अपेक्षिणे अन्यायाचे होईल. सायबर कॅफेवाला देतो, तोही पैसे घेऊन, आणि ओटीपी त्याच्या हाती ठेवून. रुग्णालयातील विमा कक्ष देतो, परंतु त्याचे हित बिल मंजूर होण्यात असते. अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र असतात, महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजनेपासून ही कल्पना रुजली आणि ती उत्तमच आहे. मात्र आरोग्यमित्र भेटतो तो रुग्णालयाच्या दाराशी पोहोचल्यावर. तोवर अर्धे निर्णय होऊन गेलेले असतात. प्रशासनाची कार्ड-शिबिरे होतात, त्यांतून कार्डे निघतात. पण रांगेतल्या माणसाची बोटे यंत्राला दाखवून छायाचित्र घेणे निराळे आणि त्याच्यासमोर बसून त्याचे सगळे कागद पाहणे निराळे. शेतीकामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही तेव्हा ‘होत नाही’ म्हणून परत पाठवले जाते. चेहऱ्यावरून पडताळणीचा पर्याय उपलब्ध आहे, हे सांगायला शिबिरात कोणाला वेळ नसतो.

14567 हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदतक्रमांक 2021 पासून चालू आहे आणि त्यावर निवृत्तिवेतन, छळ, निराधार वृद्ध अशा बाबतींत खरोखर मदत मिळते. त्याचे महत्त्व कमी लेखायचे नाही. पण वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या, कानाने अधू झालेल्या आजीला फोनवरून विम्याच्या अटी समजाव्यात, ही अपेक्षा फार आहे.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी योजना 1965 च्या कायद्याने आली. तिच्यातल्या फटी भरणाऱ्या पूरक खासगी पॉलिसींचा बाजार पुढे इतका बोकाळला की एकाच वृद्धाच्या गळ्यात दोन-दोन, तीन-तीन पॉलिसी मारल्या जाऊ लागल्या. 1990 मध्ये तिथल्या काँग्रेसने अशा दुहेरी विक्रीला आळा घातला, पूरक पॉलिसींचे नमुने ठरवून दिले आणि त्याच कायद्याने राज्यांना विमा समुपदेशनासाठी अनुदान देण्याची तरतूद केली. त्यातून उभ्या राहिलेल्या सेवेत समुपदेशक काही विकत नाही, कोणत्या कंपनीची शिफारस करत नाही आणि शुल्क घेत नाही. त्यांपैकी अनेकजण स्वतः निवृत्त झालेले, प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात. तिथल्या आरोग्यव्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, तिच्या महागाईला जगात तोड नाही. पण विमा योजना चालवायची तर ती समजावून सांगण्याचा खर्चही योजनेच्याच खर्चाचा भाग मानला पाहिजे, हे त्यांनी तीन दशकांपूर्वी कायद्यात लिहिले.

नगर हवेलीला हे करण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. विधानसभा नसलेला, एका प्रशासकाच्या हाताखालचा, सत्तरच्या आसपास गावांचा हा जिल्हा आहे. सिल्वासाच्या रुग्णालयात एक आणि खानवेलला एक असे दोन कायमचे कक्ष, आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ग्रामपंचायतीत बसणारे समुपदेशक, एवढ्याने आरंभ होऊ शकतो. माणसे कोठून आणायची? निवृत्त परिचारिका, शिक्षक, बँक आणि विमा कार्यालयांतील कर्मचारी येथे आहेत. त्यांना प्रवासभत्ता आणि मानधन द्यावे, विमा विक्रीशी संबंध नसल्याचे लेखी घ्यावे. वारली, कोकणा, धोडिया बोलणारे निम्मे तरी असावेत. वैद्यकीय महाविद्यालयाचाही उपयोग आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमानुसार एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना गावातील काही कुटुंबे ‘दत्तक’ घेऊन त्यांच्याकडे वेळोवेळी जावे लागते. रक्तदाब मोजण्याबरोबर ‘घरात साठीपुढचे कोण, कोणते कार्ड आहे, आधारवर वय काय’ असे तीन प्रश्न त्यांनी विचारले, तर कोणत्याही खास सर्वेक्षणाविना यादी तयार होईल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गैर नाही. सल्ला चुकला तर जबाबदार कोण? समुपदेशकाच्या शब्दावर कोणी पॉलिसी बंद केली आणि पुढे नुकसान झाले, तर प्रशासन हात वर करील. म्हणूनच समुपदेशकाने निर्णय द्यायचा नसतो. पर्याय मांडायचे, प्रत्येकाचा परिणाम सांगायचा, ते कागदावर लिहून द्यायचे आणि घरच्यांशी बोलून ठरवा म्हणायचे. कागदावर लिहून देणे महत्त्वाचे. मुलगा रात्री कारखान्यातून येतो तेव्हा आईला ऐकलेले सगळे आठवत नाही.

दुसरे काम तक्रारीचे. दावा नाकारला गेला की ज्येष्ठ नागरिक सहसा गप्प बसतात. कंपनीकडे लेखी तक्रार करावी, महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे, तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही, ही वाट फार थोड्यांना माहीत आहे. दादरा-नगर हवेलीसाठीचे लोकपाल कार्यालय अहमदाबादला, तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, सुनावणीही दूरदृश्य पद्धतीने होऊ शकते. पण अर्ज लिहून, कागद जोडून, सुनावणीच्या दिवशी मोबाइलसमोर शेजारी बसणारे कोणीतरी हवे. अशा दहा तक्रारी जरी येथून नीट गेल्या, तरी कोणत्या पॉलिसीत कोणती कलमे वृद्धांना अडवतात याचा स्थानिक अनुभव गोळा होईल. आज तो अनुभव घराघरांत विखुरलेला आहे.

कक्ष उघडेपर्यंत घरच्यांना थोडे काही करता येण्याजोगे आहे. घरातील प्रत्येक ज्येष्ठासाठी एक प्लास्टिकची पिशवी करावी: आधारची प्रत, असेल ते आयुष्मान किंवा वय वंदना कार्ड, शिधापत्रिकेची प्रत, राज्य विम्याचे जुने क्रमांक, खासगी पॉलिसीचे पहिले पान आणि नूतनीकरणाची तारीख, चालू गोळ्यांची चिठ्ठी. आधारवरील जन्मवर्ष आणि खरे वय जुळते का ते आजच पाहावे. सत्तरीला दोन-तीन वर्षे असताना दुरुस्ती केली तर वेळ हाताशी राहतो. पॉलिसी बंद करण्यापूर्वी नूतनीकरणाच्या तारखेच्या दोन महिने आधी विचार सुरू करावा. आणि घरात कारखान्यातून निवृत्त झालेले कोणी असेल, तर त्यांची शेवटची पगारपावती शोधून काढावी. 120 रुपयांच्या त्या लाभासाठी राज्य विमा कार्यालयात पहिला कागद बहुधा तोच मागतील.